पाच फूट चार इंच

बुधवार, चौदा जुलै. सकाळी पावणेसहा वाजता हॅल्वर ट्वेटने विहिरीत दोर सोडला आणि दोराच्या टोकाचा गोळा तळाला लागला नाही.

दोराला दर फुटावर गाठ होती आणि एकाहत्तराव्या गाठीला लाल चिंधी बांधलेली होती. हॅल्वरच्या बापाने ही विहीर सदतीस सालच्या दुष्काळात हाताने खणली. तेव्हापासून चौऱ्याऐंशी वर्षं लोखंडी गोळा त्या चिंधीवर येऊन टेकत आला होता. आज चिंधी काठावरून आत गेली, अंधारात दिसेनाशी झाली, आणि आणखी एक गाठ हॅल्वरच्या बोटांतून सुटली तेव्हा कुठे दोर सैल पडला.

"बहात्तर," तो म्हणाला.

"नीट मोजलंत ना, पापा?"

"एक्क्याऐंशी वर्षांचा झालोय, पण बहात्तरपर्यंत मोजता येतं मला."

त्याच्या मुलीने, रॅग्नाने, आपला टेप काढला. पोलादी टेप, एका बाजूला फूट-इंच, दुसऱ्या बाजूला मीटर. खालच्या दोन मीटरवर तिने खडू घासला, म्हणजे पाणी लागेल तिथवर खडू काळा पडतो. टोकाला पितळी वजन होतं. ती विहिरीवर बांधलेल्या पंपघराच्या फळीवर पालथी पडली, झडपेतून हात आत घातला आणि टेप सोडत गेली. आतून येणारा गारवा तिच्या मनगटाला लागला. बाहेर अजून सूर्य नीट वर आला नव्हता, तरी पत्रा तापायला लागला होता.

एकवीस मीटर पंच्याण्णव. तिने मनातल्या मनात भागाकार केला. बहात्तर फूटच होतं.

"तुमच्या त्या मीटरांत काय निघालं?" हॅल्वरने विचारलं.

"तेच."

"मग दोन दोन वेळा मोजायचं कशाला?"

"फॉर्मला मीटर लागतात. मी काय करू?"

फॉर्म दुष्काळ कार्यालयाचा होता. नऊ तारखेपासून रोज सकाळी विहिरीची एकूण खोली मीटरमध्ये आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये भरायची होती. पाणी शंभर सेंटिमीटरच्या खाली गेलं की पंप हवा ओढणार, आणि पंपाने हवा ओढली की एकसष्ट गाई आणि त्यांची वासरं लिलावाला न्यायची. दुसरा मार्ग नव्हता. पूर्वेकडचं तळं जूनमध्येच आटलं होतं; त्याच्या तळाला फुटलेल्या चिखलाच्या खपल्या आणि पांढरा खार उरला होता. दोन मैलांवरच्या शेजाऱ्याने आपली गुरं केव्हाच विकली होती. या एकसष्टांतली एकेक कालवड रॅग्नाने बावीस वर्षं निवडून ठेवली होती. कुणाची आई कोण आणि आजी कोण, हे तिला न बघता सांगता येत होतं.

तिने टेप वर ओढून फळीवर पसरला. शून्यापासून काळा पडलेला भाग एकशे त्रेसष्टवर संपत होता. एकशे त्रेसष्ट. नऊ तारखेलाही एकशे त्रेसष्टच होतं. दहाला, अकराला, बाराला, तेराला तेच. जूनभर पाणी रोज उतरत आलं होतं, आणि नऊ तारखेला या आकड्यावर येऊन थांबलं होतं. गुरं दिवसाला हजारावर गॅलन पाणी पीत होती, तरी सकाळी आकडा तोच.

तिने तो फॉर्मवर लिहिला. समोर हॅल्वरने आपला दोर फळीवर सरळ ताणून ठेवला होता. ओला भाग गडद दिसत होता. तो दोर वाळेपर्यंत म्हातारा गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिला. रोजच बसायचा. रॅग्नाला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

न्याहारीला रॅग्नाच्या नवऱ्याने, कर्टिसने, विषय काढला. सहा फूट दोन इंचांचा माणूस, खुर्ची मागे सरकवल्याशिवाय त्याचे पाय टेबलाखाली मावत नसत.

"विहीर एक फूट खाली गेली म्हणता? का तीस सेंटिमीटर? कारण फूट गेला असेल तर हॅल्वरची चूक, सेंटिमीटर गेले असतील तर तुझी."

"दोघांचंही तेच आलंय."

"मग प्रकरण गंभीर आहे. या घरात यांचं आणि तुझं एकमत आपल्या लग्नानंतर पहिल्यांदा झालंय."

हॅल्वर हसला नाही. त्याने पाव कॉफीत बुडवला आणि रेडिओकडे बोट केलं. रेडिओवर आजचं तापमान सदतीस सांगत होते.

"नव्व्याण्णव," तो म्हणाला. रेडिओ काहीही सांगो, तो तसंच म्हणायचा. ओव्हन मात्र घरात कुणीच सेल्सिअसमध्ये लावत नव्हतं. रॅग्नाने पावाला तीनशे पंचाहत्तरवर लावला होता आणि त्याची धग खिडकीतून बाहेर जात नव्हती.

दुपारी कर्टिसने पंप खाली सोडला. पंप पोलादी दोरीवर लोंबत होता आणि त्याच्या प्लास्टिकच्या नळीचं वेटोळं भिंतीला टांगलेलं होतं. एक फूट खाली सोडायचा म्हणजे दोघांनी दोरी धरायची, तिसऱ्याने पकड ढिली करायची. कर्टिसच्या पाठीवरून घामाचे ओघळ पँटमध्ये उतरत होते. रॅग्नाच्या तळहाताची कातडी दोरीने सोलली गेली.

"नळी सात फूट शिल्लक आहे," कर्टिस म्हणाला. "पुढे ती इथे मिळणार नाही, शहरातून आणावी लागेल. त्यांच्याकडे मीटरवर मिळते आणि जोड इंचांचा लागतो, आता काय ते समज."

"आणखी खाली जाणार नाही," रॅग्ना म्हणाली.

गुरुवारी सकाळी गोळा त्र्याहत्तरवर टेकला. ओला भाग तेवढाच.

विहिरी पाडणारा आर्लो प्रूडन अकरा वाजता आला. पंचेचाळीस किलोमीटरवरून धूळ उडवत आला, उतरला, टोपीने तोंड पुसलं आणि आधी गाईंकडे बघितलं.

"तिकडे का उभ्या आहेत त्या?"

गाई हौदापासून पन्नास-साठ पावलांवर कुंपणाला चिकटून उभ्या होत्या, उन्हात. पंपघराच्या सावलीत एकही नव्हती.

"पिऊन झालं की जातात," रॅग्ना म्हणाली. "चार-पाच दिवस झाले."

आर्लोने आपलं यंत्र आत सोडलं. पाणी लागलं की ते पिपाणीसारखं वाजायचं. त्याने दोन वेळा मोजलं, मग वजन सोडून तळ मोजला, मग गुडघ्यांवर बसून राहिला.

"खडू लावून मोजलंस? चांगलं केलंस. बरोबर आहे तुझं." त्याने वजन वर काढून तिला दाखवलं. "हे बघ."

"काय बघू?"

"हेच. काही लागलेलं नाही. तळ चिकणमातीचा आहे, बरोबर? वजन मातीत बसून वर येतं तेव्हा त्याला माती लागते. हे धुतल्यासारखं आलंय." तो हॅल्वरकडे वळला. "आणि टेकतं तेव्हा हाताला कसं लागतं, हॅल्वर? पूर्वी कसं लागायचं?"

"पूर्वी ठक्क लागायचं."

"आणि आता?"

हॅल्वरने आपल्या दोराची गाठ बोटांत धरली. "मऊ," तो म्हणाला.

आर्लोने टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. चाळीस वर्षं या धंद्यात आहे, म्हणाला, तळ गाळाने वर आलेला शेकडो ठिकाणी पाहिला, आपोआप खाली गेलेला एकदाही नाही. खाली वाळूचा थर असेल आणि पाणी तो ओढून नेत असेल, असं म्हणावं तर पाणी गढूळ यायला हवं होतं. पाणी काचेसारखं होतं. त्याने ओंजळभर तोंडात घेतलं, दातांना कळ लागली तसं तोंड केलं.

"सोमवारी कॅमेरा घेऊन येतो. दहा वाजता. तोवर कुणी आत उतरायचं नाही. कर्टिस, तुला सांगतोय."

"मला काय हौस आली आहे?"

"तुझ्या तोंडावर लिहिलंय."

"दुसरीकडे नवी विहीर पाडायची म्हटली तर?" रॅग्नाने विचारलं.

"सप्टेंबर. माझ्या यादीत तुझ्याआधी एकोणीस घरं आहेत, आणि त्यातल्या सगळ्यांना कालच हवी आहे."

आर्लो गेल्यावर हॅल्वर पंपघराच्या दारात उभा राहिला. "कॅमेऱ्याला काय दिसणार?" तो म्हणाला, पण ते कुणाला उद्देशून नव्हतं.

शुक्रवारी चौऱ्याहत्तर फूट. बावीस मीटर छप्पन. पाणी एकशे त्रेसष्ट. कर्टिसने पंप आणखी खाली सोडला. वेटोळ्यात आता पाच फूट नळी उरली.

त्या दिवशी फॉर्मचं दुसरं पान भरायचं होतं. जमिनीच्या कागदाचा नंबर हवा होता. कागद बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात असायचे. रॅग्नाने तो कपाटावरून काढला, जेवणाच्या टेबलावर उपडा केला. चौथाई सेक्शनचा, म्हणजे एकशे साठ एकरांचा, मूळ कागद निघाला, आजोबांची नागरिकत्वाची चिठ्ठी निघाली, सुटी बटणं निघाली, आणि तिच्या आईचं गाडी चालवायचं लायसन्स.

बोर्गिल्ड ट्वेट. अठ्ठ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात, तसाच दुष्काळ असताना, एका सकाळी ती बादली घेऊन पंपघराकडे गेली होती. तेव्हा रॅग्ना चौदा वर्षांची होती. पोलिसांनी दोन दिवस विहिरीत गळ फिरवले आणि बादलीची एक कडी वर काढली, बाकी काही नाही. गावात लोक म्हणाले, बसने अल्बर्टा प्रांतात गेली असेल, कुणाबरोबर तरी. लायसन्स आणि पाकीट मात्र घरातच राहिलं होतं.

रॅग्नाने लायसन्स पुसलं. आईचा चेहरा तिला वाटत होता त्यापेक्षा लहान होता. तिच्या आताच्या वयाहून आठ वर्षांनी लहान. खाली डोळ्यांचा रंग: निळा. उंची: १६३.

ती वाचून पुढे गेली, आणि मग थांबली.

माणसाची उंची सेंटिमीटरमध्ये इथे कुणी सांगत नाही. कायद्याने लायसन्सवर छापतात तेवढंच; ते कुणी वाचत नाही. माणूस फुटांत मोजायचा, गरोदर बाई आठवड्यांत आणि बाळ पौंडांत. आठ दिवस ती हा आकडा स्वतःच्या हाताने लिहीत होती आणि तो तिला पाण्याचा आकडा वाटत होता. तिने तो फुटांत एकदा जरी वाचला असता तरी तिला कळलं असतं, कारण आईची उंची तिला पाठ होती. न्हाणीघराच्या दाराच्या चौकटीवर आईची रेघ होती आणि रॅग्ना तेरा वर्षांची असताना तिने ती ओलांडली होती. पाच-चार. "आता तूच वरच्या फळीवरचे डबे काढत जा," आई तेव्हा म्हणाली होती.

तिने आपलं लायसन्स काढून शेजारी ठेवलं. १७०. पाच-सात.

हॅल्वर पडवीत सावलीला बसून वासराच्या दोरखंडाला नवी कडी ओवत होता. तिने त्याच्यासमोर आईचं लायसन्स धरलं.

"नऊ तारखेला तुम्ही खाली बसलात," ती म्हणाली. "दोर काढला आणि एकदम बसलात. मला वाटलं, ऊन लागलं."

तो लायसन्सकडे न बघता कडी ओवत राहिला.

"पापा."

"मी फुटांत मोजतो, पोरी. मला पहिल्याच दिवशी दिसलं." त्याने कडी बाजूला ठेवली. "मी दोराचं ओलं टोक पायाखाली धरलं आणि वर ओढलं. इथे आलं." त्याने हनुवटीखाली हात नेला, तळवा आडवा करून. तेवढ्याच उंचीवर तो हात जरा वेळ राहिला, कुणाच्या तरी डोक्यावर ठेवल्यासारखा. "तेवढीच होती ती. लग्नात फोटोवाल्याने तिला पाटावर उभी केली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? पाणी पाच फूट चार इंच आहे, एवढंच ना? तेवढं असतं पाणी. तेवढं असूही शकतं."

"तुम्ही तेहतीस वर्षं रोज सकाळी मोजताय."

"हो."

"कशासाठी?"

हॅल्वरने तिच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे उन्हाने लाल झालेले होते. "पोलिसांना मी खोली सांगितली होती. एकाहत्तर. त्यांनी गळ तेवढेच सोडले. एकाहत्तरच होती तेव्हा, देवाशपथ. मी रोज बघतो, अजून एकाहत्तरच आहे ना."

तिने लायसन्स शर्टाच्या खिशात ठेवलं. लांबून गाईंचं हंबरणं आलं. पाण्याची वेळ झाली होती. तिने जाऊन मोटर सुरू केली. दुसरं काय करणार होती? गाई आल्या, एकेक करून पाणी प्यायल्या, मान वर न करता, आणि परत कुंपणापाशी गेल्या. हौदातलं पाणी इतकं गार होतं की त्या उन्हात पत्र्यावर बाहेरून घाम सुटला होता. वासरं आयांच्या पोटाखाली शिरली. नंबर चाळीसची गाय, जिची आजी रॅग्नाने स्वतः बाटलीने वाढवली होती, तेवढी हौदापाशी मागे राहिली आणि पंपघराच्या बंद दाराकडे तोंड करून उभी राहिली. रॅग्नाने तिला हाकललं, तर हलेना. शेवटी मानेला हात घालून ओढावं लागलं.

"मंगळवारी लिलाव आहे," रात्री जेवताना कर्टिस म्हणाला. "मी फक्त सांगतोय. नळी पाच फूट उरली आहे. रोज एक फूट जातोय. बुधवारपर्यंत पोहोचतो आपण."

"आर्लो सोमवारी येतोय."

"आर्लो सोमवारी बघणार. बघून पाणी वाढत नाही."

"एकसष्टांची धड किंमतही येणार नाही आता, कर्टिस. सगळे विकताहेत."

"किमतीचं कुठे बोलतोय? तुझे हात बघ."

तिने हात टेबलाखाली घेतले. आईचं लायसन्स रॅग्नाच्या शर्टाच्या खिशात होतं आणि तिने कर्टिसला ते दाखवलं नव्हतं. दाखवायचं तर काय म्हणून दाखवायचं, हे तिला ठरवता आलं नव्हतं.

शनिवारी, सतरा तारखेला, ती पावणेसहाला पंपघरात गेली तेव्हा हॅल्वर आधीच येऊन बसला होता. नेहमी ती येईपर्यंत तो दोर सोडत नसे. आज सोडून, मोजून, वर काढून झाला होता. दोर फळीवर पसरलेला नव्हता. त्याने त्याचं वेटोळं करून मांडीवर घेतलं होतं, दोन्ही हात त्यावर ठेवले होते, आणि पँट मांडीवर भिजली होती.

"झालं माझं," तो म्हणाला. "पंच्याहत्तर. आणि पाणी पाच-चार. नेहमीसारखंच. तू आज मोजू नकोस, तेच लिही."

"फॉर्मला मीटर लागतात."

"बावीस पॉइंट शहाऐंशी. मी करून ठेवलंय."

तेहतीस वर्षांत हॅल्वरने एकदाही मीटरचा आकडा तोंडातून काढला नव्हता. रॅग्ना त्याच्याकडे बघत राहिली. तो हातांकडे बघत होता.

"पापा, दोर दाखवा."

"ओला आहे. कपडे खराब होतील तुझे."

ती फळीवर पालथी झाली. टेपला खडू घासला, अगदी दोन मीटरपर्यंत, आणि सोडला. गारवा मनगटाला लागला, मग कोपराला. वजन मऊ टेकलं. बावीस शहाऐंशी. म्हाताऱ्याने बरोबर सांगितलं होतं. तिने टेप हळूहळू वर घेतला, झडपेतून बाहेर काढला आणि फळीवर सरळ ठेवला.

खडू शून्यापासून एकशे सत्तरपर्यंत काळा पडला होता.

तिने टेप पुसला. पुन्हा खडू घासला, पुन्हा सोडला. पुन्हा एकशे सत्तर. रेघ अगदी स्वच्छ होती, पट्टी धरून ओढल्यासारखी.

या वेळी तिने तो आकडा फुटांतही वाचला: पाच-सात. बाहेर कर्टिसच्या बुटांचा आवाज आला. त्याने दारातून डोकं आत घातलं.

"किती?"

"पंच्याहत्तर," हॅल्वर म्हणाला. "पाणी पाच-चार."

कर्टिसची नजर टेपवर गेली. तो वाकला, खडूची रेघ बघितली, आणि आठवड्यात पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळला.

"पाच-चार कुठलं? एकशे सत्तर आहे हे! सात सेंटिमीटर वाढलंय, हॅल्वर, जवळजवळ तीन इंच! चष्मा बदला तुम्ही." त्याने रॅग्नाच्या पाठीवर थाप मारली. "वाढतंय, बघ. मंगळवारचं राहू दे मग. ऐकलंस का? राहू दे मंगळवारचं."

"ऐकलं," रॅग्ना म्हणाली.

तो शीळ घालत मोटर सुरू करायला गेला. हॅल्वर उठला. उठताना त्याने दोराचं वेटोळं छातीशी धरलं होतं, आणि ओला दोर त्याच्या शर्टावरून खाली ठिबकत होता.

"सोमवारी तू इथे यायचं नाहीस," तो म्हणाला. "मी, कर्टिस आणि आर्लो बघू. तू घरात राहा. उद्याही नको येऊस. मी मोजेन."

"बरं."

"पोरी, मला शब्द दे."

ती फॉर्म गुडघ्यावर ठेवून लिहीत होती. मोटर सुरू झाली, नळीत पाणी चढल्याचा आवाज आला, आणि कुंपणापासून गाई चालू लागल्या.

सतरा जुलै, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. एकूण खोली: २२.८६ मीटर. पाण्याची उंची: १७० सेंटिमीटर. बाहेरचं तापमान: २४. पाणी प्यायलेली जनावरं: ६१, वासरं वेगळी. शेऱ्याचा रकाना रिकामा आहे. आर्लो प्रूडन कॅमेरा घेऊन सोमवारी दहा वाजता येणार आहे.